गोव्याला चाललोय, पण चपला राखायला नाही. तिकडचा एखादा डोंगर सांगा की!

वडगावची_सुमा · शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी.

दिवाळी झाली की आमच्या घरात दरवर्षी एकच ठराव पास होतोय, कोलव्याला तीन दिवस. मिस्टर, दीर-जाऊ, सासूबाई आणि यंदा नणंदेची पुण्याची पोरगी. ही सगळी माणसं सकाळी नऊला पाण्यात उतरतात ती जेवायलाच वर येतात. मी वाळूत छत्रीखाली चपला, मोबाईल आणि सासूबाईंचा चष्मा राखत बसतो. (होय, बसतो. आम्ही बेळगावच्या बायका आलो-गेलो-बसतो असंच बोलतो. पुण्याच्या मंडळींनी व्याकरण सुधारायला येऊ नये, भाचीकडून रोज ऐकतोय तेवढं बास.)

वीस वर्षं चपला राखल्या. यंदा एक सकाळ मला डोंगर पाहिजे.

अटी सांगून ठेवतो. कोलव्यापासून तासाभराच्या आत. जेवणापर्यंत परत, नाहीतर घरात बोलणी बसतात. दोरी, शिडी, कातळावर लोंबकळणं नको. डावा गुडघा कुरकुरतो, पण यळ्ळूरगड आणि वैजनाथ दर श्रावणात करतो, म्हणजे अगदीच मोडीत काढू नका. आणि जिथं शंभर माणसं सेल्फी काढतात असली जागा नको, तेवढ्यासाठी समुद्रच बरा.

निपाणीचा_पोपट · १०:०४

डोंगर चढायला गोव्याला! उद्या कुंदा आणायला मुंबईला जाणार वाटतं वैनी.

अव्या_टिळकवाडी · १०:३१

सुमाताई, चढायचंच तर गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर चढा. सोसोगड. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, साट्रे गावाच्या वर. उंचीचा मात्र घोळ आहे. काही ठिकाणी १,१६६ मीटर लिहिलेलं असतं, काही ठिकाणी १,०२६. एकशे चाळीस मीटरची आख्खी टेकडी कागदावर इकडची तिकडं! कोलव्यापासून लांब पडेल खरं, पण एकदा जाऊन आलात की वर्षभर सांगायला होतंय.

कुणाकडं त्याचा जीपीएस ट्रॅक असला तर इथं टाका. डिसेंबरात बारा-पंधरा पोरं घेऊन जायचा माझाही बेत आहे.

कॅसलरॉकचा_पाहुणा · १०:४५

एवढं कशाला? कॅसलरॉकला उतरा, रुळावरून चालत दूधसागर. डोंगरही झाला, धबधबाही झाला.

शहापूरचा_नाना · १०:५२

रुळावरून चालणं गुन्हा आहे बाबा. २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी तिथं पोरांना धरून उठाबशा काढायला लावल्या, आख्ख्या देशानं तो व्हिडिओ बघितला. सुमाताईंच्या गुडघ्याला त्या उठाबशा झेपायच्या नाहीत.

कणकुंबीकर · ११:२०

अव्या, ट्रॅक मिळणार नाही. माझ्याकडं असता तरी दिला नसता.

सोसोगड म्हादई अभयारण्याच्या रानात आहे. १९९९ ला जाहीर झालेलं, २०८ चौरस किलोमीटर. त्याला लागून आपल्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य, ते २०११ चं. माणसानं नकाशावर रेघ मारली म्हणून दोन नावं, जनावराला ते एकच रान. दोन्हीकडं वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीच्या गोळावलीत वाघीण आणि तिची पिल्लं मिळून चार वाघ मेलेले सापडले, विष घालून. जुलै २०२३ ला हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, त्यावर गोवा सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. एवढं सगळं जिथं चाललंय तिथं तू टिळकवाडीतून बारा-पंधरा पोरं, स्पीकर आणि मॅगीचे पुडे घेऊन जाणार.

सुमाताई, तुमच्यावर राग नाही. पण बेळगावची माणसं डोंगर शोधायला गोव्याला निघाली की मला हसू येतं. तुम्ही चोर्ला घाटातून गोव्याला जाताना आमच्या कणकुंबीत चहा पिता. त्या टपरीपासून चार पावलांवर, देवळाशेजारच्या कुंडात मलप्रभा उगवते. समुद्रसपाटीपासून ७९२ मीटरवर. कितीजणांनी वळून बघितलंय? ती पूर्वेला जाते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला लागते. आणि याच तालुक्यात देगावच्या रानात उगवलेली म्हादई पश्चिमेला उतरून मांडवी होते, पणजीच्या पुलाखालून समुद्राला. एकाच ढगाचं पाणी, कुठल्या उतारावर पडलं एवढाच फरक. त्या मधल्या धारेवर आमची गावं आहेत. डोंगर तोच आहे, तुम्ही त्याच्या डोक्यावरून गाडी घालता म्हणून दिसत नाही.

अव्या_टिळकवाडी · ११:३३

काका, मी स्पीकर नेत नाही. कधीच नेला नाही. आणि डोंगर काय कुणाच्या सातबाऱ्यावर आहे काय? तुम्ही रोज बघता, आम्ही वर्षातनं एकदा बघायचं तर ट्रॅक लपवून ठेवायचा, हा कसला न्याय?

कणकुंबीकर · ११:५१

स्पीकरचा शब्द मागं घेतो. मॅगीचा नाही.

माझी आजी डोकीवर तुपाचा डबा घेऊन घाट उतरून केरीच्या बाजाराला जायची आणि मीठ, सुकी मासळी घेऊन वर यायची. तिला वाट ठाऊक होती, कारण वाटेत कुठल्या वाडीत पाणी मिळतं, कुठल्या राईत शिरायचं नाही, कुठं गवा उतरतो हे तिला आधी ठाऊक होतं. ट्रॅकमध्ये नुसती रेघ येते. बाकीचं काही येत नाही. रेघ धरून माणूस आत जातो आणि मग त्याला शोधायला आमच्या गावची पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन जातात. लपवायचं म्हणून नाही रे.

शहापूरचा_नाना · शनिवार, सकाळी ७:१५

कणकुंबीकरांचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण त्या शोधलेल्या माणसांत एकदा मी होतो.

ऑगस्ट २०१६. एका ग्रुपनं माणशी नऊशे रुपये घेऊन चोर्ल्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, नेलं होतं. नाव सांगत नाही, आता तो ग्रुपही नाही. गाईड म्हणून आलेला पोरगा फोनकडं बघत पुढं, आम्ही अकरा जण मागं. पहिला तास स्वर्ग. सड्यावर गेंदाची पांढरी फुलं, मधेमधे सीतेच्या आसवांची जांभळी चादर, पायाखाली जांभा आणि त्याच्या खळग्यांत पाणी. मग धुकं उतरलं. फोन भिजून बंद पडला. आणि तेव्हा कळलं की सड्याला वाट अशी नसतेच. जांभ्यावर पाऊल उमटत नाही. चारी बाजूंना तोच काळा दगड आणि तेच पोटरीएवढं गवत. दहा फुटांवरचा माणूस दिसेना.

तासभर आम्ही चालत होतो असं आम्हाला वाटत होतं. मग एका जागी पाऊस अंगावर उलटा यायला लागला. खरंच, वरून खाली नाही, खालून वर. हनुवटीखाली थेंब मारायला लागले. आमच्यात एक निवृत्त पोस्टमन होते, ते ओरडले, "बसा खाली! कडा आहे!" दरीतला वारा कड्याला आपटून वर चढतो, पावसाला घेऊन. आमच्यापुढं जमीन किती उरली होती देव जाणे. तिथंच बसलो, जळवा काढत. पायातल्या मोजायच्या सोडून दिल्या, मानेवरच्या तेवढ्या काढल्या. साडेचारला म्हशीच्या घंटांचा आवाज आला. एक गवळी धनगर, खांद्यावर घोंगडं. त्यानं काही विचारलं नाही. हातानं "या" म्हटलं आणि म्हशींच्या मागं आम्हाला रस्त्याला लावलं. रस्ता चारशे पावलांवर होता.

तेव्हा सुमाताई, पहिली अट घाला: उघडीप पाहिजे. नोव्हेंबर चांगला. आणि कड्याजवळ पाऊस खालून लागला तर बसा.

निपाणीचा_पोपट · ८:०२

नाना, हे वाचून मी आज गच्चीवरसुद्धा जाणार नाही.

वैशाली_आशा · ८:४०

रानात जाणाऱ्यांना एक सांगायचंय, कारण धाग्यात जळवांचं आलं पण गोचिडीचं कुणी लिहिलं नाही. जळू रक्त पिऊन सुटते, खाज येते, संपलं. गोचीड वेगळी, तिच्या चाव्यानं माकडताप होतो.

माकडताप. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली पहिल्यांदा ओळखला गेला. गोव्यात २०१५ पासून सत्तरीत रुग्ण सापडायला लागले, मग दोडामार्ग-बांद्याकडं. पावसाळा संपून रान वाळायला लागलं की गोचिडीची बारकी पिल्लं पाचोळ्यात असतात, डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. डिसेंबर ते मे जास्त धोका. आपल्याकडनं गोव्यात काजूच्या बागेत कामाला जाणारी माणसं असतात, त्यांना हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

पूर्ण बाह्या, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, पाचोळ्यात बसायचं नाही. परत आलं की गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, फोटो तर नाहीच, जवळच्या आरोग्य केंद्राला कळवायचं. आठवड्याभरात एकदम ताप, डोकं, अंग मोडून आलं तर डॉक्टरला "मी रानात गेलो होतो" हे पहिलं वाक्य सांगायचं.

कारवारची_मीरा · १०:१०

आमच्या कारवारला या की. गावाच्या मागंच गुड्डेहळ्ळीचा डोंगर. वरून काळी नदी समुद्राला मिळताना दिसते. समुद्रावर सगळे रवींद्रनाथांचं नाव सांगतात (ते तरुणपणी भावाकडं राहिले होते, भाऊ इथं न्यायाधीश), डोंगराचं नाव कुणी काढत नाही. पण कोलव्यापासून तासाभरात नाही येणार, ती तुमची अट मोडते.

केपेकार_बाबूश · दुपारी १:२५

सुमाबाय, तुम्ही कोलव्याला उतरणार आणि लोक तुम्हाला सत्तरीत, कारवारात पाठवतात. बेळगावकारांना दक्षिण गोवा म्हणजे नुसती वाळू वाटते काय?

आमचा पर्वत आहे ना. नकाशात चंद्रनाथ, आम्ही नुसता "पर्वत" म्हणतो. पारोड्याला. मडगावपासून तेरा-चौदा किलोमीटर. उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, पण सपाट शेतांतून एकटा उठलेला आहे म्हणून मोठा वाटतो. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. चंद्रेश्वर हा इथं पूर्वी राज्य केलेल्या भोज घराण्याचा देव मानतात, आणि खालचं चांदर गाव म्हणजे त्यांचं चंद्रपूर. पुढं कदंबांचीही राजधानी तिथं होती, मग ती गोपकपट्टणला गेली. आज चांदरात गेलात तर लोक जुने पोर्तुगीज वाडे बघून परत येतात. त्या गावाला ज्याच्यावरनं नाव पडलं तो डोंगर मागं उभा असतो, त्याच्याकडं मान वर करून बघणारे थोडे.

जुने लोक सांगतात, पुनवेचा चंद्र गाभाऱ्यात लिंगावर पडतो आणि लिंगाला पाझर फुटतो. मी पुनवेला गेलोय. गर्दीत माझ्यापुढं एक उंच माणूस उभा होता, तेव्हा मला काय दिसलं ते विचारू नका.

देवळाजवळपर्यंत गाडीरस्ता आहे. तुम्ही त्यानं जाऊ नका. जुनी पायऱ्यांची वाट आहे झाडीतून, तिनं जा. सकाळी लवकर. पारोड्याला कुशावती नदी आहे, पावसात रस्त्यावर पाणी येऊन वाट बंद पडते, पण आता काही नाही. देऊळ जागतं आहे, कपडे नीट घाला, आणि वर प्लास्टिक नेलं तर खाली घेऊन या.

वडगावची_सुमा · ३:०५

बाबूशदादा, ठरलं! आणि यात देव आहे म्हटल्यावर सासूबाईंची परवानगी आपोआप मिळाली. वैशालीताई, मोज्यात पँट खोचून जाणार. भाची म्हणते फॅशन जाईल, मी म्हटलं जाऊ दे.

निपाणीचा_पोपट · ३:११

वृत्तांत टाका. न टाकल्यास पुढच्या वर्षी चपला राखायची शिक्षा कायम.

वडगावची_सुमा · दहा दिवसांनी, मंगळवार, रात्री १०:१५

जाऊन आलो. वृत्तांत टाकतो, लांब झाला तर माफ करा, वीस वर्षांचं साठलेलं आहे.

बेळगावहून आम्ही अनमोड घाटानं उतरलो. कोलव्यात पहिला दिवस नेहमीसारखा, मी आणि चपला. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी आणि भाची (ईशा म्हणूया, खरं नाव लिहिलं तर ती मला ब्लॉक करेल) दिराची गाडी घेऊन निघालो. ठरलं असं की आम्ही पायऱ्यांनी, आणि मिस्टर सासूबाईंना घेऊन मागाहून दुसऱ्या गाडीनं रस्त्यानं वर. मडगाव झोपेत होतं. पारोड्याच्या अलीकडं एका छोट्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव खाल्ला. गोव्यातल्या या हिंदू हॉटेलांतली भाजी पाण्यासारखी दिसते आणि खोबऱ्यामुळं पोटात तासन् तास बसते. ट्रेकला याच्याइतकं चांगलं खाणं नाही, पोहे मागं पडले.

वाट सुरुवातीला चुकलो. खरं तर मीच चुकवली. ईशा फोन बघत होती, मी म्हटलं फोन ठेव, कणकुंबीकरकाकांनी रेघेबद्दल काय लिहिलंय वाच, आणि मोठ्या रुबाबात एक पायवाट धरली. ती गुरांची निघाली. दहा मिनिटांत आम्ही कुणाच्या तरी काजूत, समोर काट्याचं कुंपण, आणि पलीकडनं एक बाई खराट्यासाठी हीर काढत बसलेली. ती कोंकणीत बोलली, मी बेळगावी मराठीत. तिनं कोयतीनं दिशा दाखवली आणि हसली. ईशा काही म्हणाली नाही. नुसता फोन वर करून दाखवला. काका, माफ करा, त्या दिवशी रेघ बरोबर होती.

पायऱ्या मात्र सुरेख. दगडी, काही सुटलेल्या, काहींवर पावसातलं शेवाळ वाळून काळं पडलेलं. दोन्ही बाजूंनी झाडी एवढी की सातलासुद्धा सावली. एक पक्षी माणसानं शीळ घालावी तसा सूर काढत होता, मधेच सूर विसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासनं. ईशानं फोनवर शोधून सांगितलं, शीळकरी कस्तूर. तिनं पायऱ्या मोजायला सुरुवात केली, दोनदा आकडा चुकला, तिसऱ्यांदा सोडून दिलं. गुडघा चढताना गप्प होता. तो उतरताना बोलतो, हे यळ्ळूरगडानं मला शिकवलंय, म्हणून परतीला मी काठी घेतली.

दम लागला का? लागला. नोव्हेंबर असला तरी गोव्याची हवा ओली. बेळगावात याच्या दुप्पट चढलं तरी एवढा घाम येत नाही. ब्लाऊज पाठीला चिकटला, पँटचे पाय मोज्यात, केसांत पाचोळा. आणि असं ध्यान घेऊन आम्ही वर पोचलो तर देवळाच्या कट्ट्यावर सासूबाई. दर्शन झालेलं, कपाळाला गंध लावलेलं, पर्समधला अलिपाक चघळत. म्हणाल्या, "एवढा वेळ? मला वाटलं खाली परत गेलाय."

देवळात शांत होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांना जायचंय त्यांनी जावं. पुजाऱ्यांनी आम्ही बेळगावचे म्हटल्यावर तिकडं पाऊस कसा झाला ते विचारलं.

मग बाहेर आलो. पश्चिमेला भातशेतं, कापणी झालेली, माडांच्या रांगा, आणि त्यापलीकडं एक पांढरी चकाकणारी पट्टी. समुद्र. जिथं मी वीस वर्षं बसलो ती जागा त्यात कुठं आहे ते कळेना. ईशा म्हणाली, "मामी, तुझ्या चपला दिसतायत काय बघ."

आणि मागं वळलो. पूर्वेला आख्खी क्षितिजभर निळी भिंत. आधी मला ढग वाटले. मिस्टर म्हणाले, "ढग नव्हे, सह्याद्री. काल त्यातनंच उतरलो की." ईशानं विचारलं, बेळगाव कुठं? मिस्टरांनी भिंतीच्या वर बोट दाखवलं. भिंतीवर नाही, भिंतीच्या वर, मागं.

पोरगीनं लगेच फोन काढला. आम्ही उभे होतो तिथं साडेतीनशेच्या आतबाहेर मीटर. बेळगाव शहर साडेसातशेच्या वर. म्हणजे पहाटे उठून, वाट चुकून, घामानं निथळून मी जो डोंगर चढलो तो आमच्या वडगावच्या स्वयंपाकघराच्या निम्म्यावरसुद्धा येत नव्हता. ईशा एवढी हसली की पुजारी बाहेर आले. मीही हसलो, पण मग थोडा वेळ त्या भिंतीकडंच बघत बसलो. आपण रोज तिच्या डोक्यावर राहतो, भाजी आणतो, गणपत गल्लीत घासाघीस करतो. ती एवढी उंच आहे हे बघायला मला समुद्राकाठच्या एका टेकडीवर जावं लागलं. कणकुंबीकरकाका, तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. वाचलं होतं मी. कळलं तिथं.

साडेबाराला कोलव्याला परत. जेवण वेळेत. दीर म्हणाले, "काय बघितलंस?" मी म्हटलं, आपलं घर.

वैशालीताई, गोचीड एकही नाही. ईशानं तपासणी स्वतःच केली, एक तास बाथरूम अडवून.

केपेकार_बाबूश · १०:४०

बाय, तुम्ही चुकलात त्या काजूची मालकीण बहुतेक माझी दूरची मामी लागते. विचारतो.

शहापूरचा_नाना · १०:५५

"तो उतरताना बोलतो" हे गुडघेवाल्या सगळ्यांनी फ्रेम करून लावावं. काठी कुठली घेतली ताई? बांबूची की ती दुमडणारी?

वडगावची_सुमा · ११:०१

नाना, वाटेत पडलेली एक वाळकी फांदी. खाली आल्यावर तिथंच ठेवली.

कणकुंबीकर · ११:२०

वाचलं. दोनदा वाचलं.

सुमाताई, जानेवारीत या. अभयारण्याच्या आत नेणार नाही, त्याची गरजही नाही. चिगुळ्याला माउलीच्या देवळापाशी आलात की सडा संपतो आणि खाली कोकण सुरू होतं. त्या दिवशी तुम्ही खालून भिंत बघितली, आता वरून बघा. नाचण्याची भाकरी आणि आमसुलाचं सार आमच्याकडं. ईशालाही आणा. फोन आणला तरी चालेल.

अव्या_टिळकवाडी · ११:३४

काका, परवा वनखात्याच्या ऑफिसात जाऊन चौकशी करून आलो. आधी अर्ज, मग त्यांचा माणूस बरोबर, मगच आत. बारा-पंधरा नाही, सहा जणांचा अर्ज घालतोय. सोसोगड पुढच्या वर्षी बघू. चिगुळ्याला मीही आलो तर चालेल काय? मॅगी आणत नाही.

कणकुंबीकर · ११:३८

ये की. भाकऱ्या सहा जास्त थापायला सांगतो.

निपाणीचा_पोपट · ११:४०

मी सातवा. मी गाडीत बसून राहीन. चपला राखायला कुणीतरी पाहिजेच.

वडगावची_सुमा · ११:५२

काका, नक्की येतो. फक्त एक विचारायचं राहिलं. सासूबाई शेजारी बसून वाचतायत आणि विचारतायत, चिगुळ्याच्या माउलीच्या देवळापर्यंत गाडी जाते काय?